सांध्यावरचा अर्धा किलोमीटर

सर, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमच्यावर चिडायचं आहे. तुम्ही असतात तर तोंडावर बोलायची माझी छाती झाली नसती. जुन्या शहरातल्या तुमच्या घरी आले असते, चहा घेतला असता आणि इकडचं तिकडचं बोलून मोर्णा नदीचा पूल ओलांडून परत गेले असते. म्हणून लिहिते आहे.

मी अमरावतीला फिजिक्स शिकवते आणि न्यूट्रॉन ताऱ्यांवर काम करते, हे तुम्हाला माहीत नाही. मोठा तारा मेला की कधी कधी मागे एक गोळा उरतो. त्याचं वजन सूर्यापेक्षा जास्त, पण आकार एवढाच की अमरावतीच्या मधोमध ठेवला तर बडनेरा ओलांडून थोडं पुढे, बाराएक किलोमीटरवर संपला. त्यावर आणखी भार पडला तर त्याचं कृष्णविवर होतं. तो किती भार सोसतो आणि त्याच्या पोटात नेमकं काय आहे, इथे सगळ्या जगाचं घोडं अडलं आहे, कारण तसला पदार्थ पृथ्वीवर कोणालाच करून बघता येत नाही. मग आम्ही कागदावर करतो. बाहेरच्या कवचाचा एक तक्ता, आतल्या गाभ्याचा दुसरा, इतक्या घनतेला इतका दाब, अशा आकड्यांचे. ते दोन्ही जोडायचे, ताऱ्याची त्रिज्या काढायची आणि दुर्बिणींच्या मोजमापाशी ताडून पाहायची. जोडणीचा प्रोग्राम माझा, पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला. तोच मी माझ्या विद्यार्थिनीला दिला.

ही मुलगी धारणीकडची. घाटात गाडी लागते म्हणून लिंबू हुंगत एसटीनं यायची आणि उतरल्या उतरल्या कामाला बसायची. चार वर्षं तिनं मान वर केली नाही. गाभ्यात न्यूट्रॉन फुटून त्यांच्या आतले क्वार्क मोकळे झालेले नाहीत, असा निष्कर्ष तिनं काढला. शोधनिबंध छापून आला, तिचं नाव आधी, माझं नंतर. प्रबंध दाखल झाला. आठ दिवसांवर तोंडी परीक्षा आहे, आणि दक्षिणेतल्या एका संस्थेतली नोकरी फक्त त्या पदवीसाठी थांबली आहे.

रविवारी, परीक्षकानं विचारलंच तर उत्तर असावं म्हणून मी जोडणी पुन्हा तपासली. दोन तक्त्यांच्या सांध्यावर दाब एकदम उडी मारतो. तिथे आवाजाचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त येतो. बारावीतलं पोरगंही हसेल. सांधा नीट करून पाहिला तर त्रिज्या जवळजवळ अर्ध्या किलोमीटरनं सरकली, आणि आमचा निष्कर्ष त्या अर्ध्या किलोमीटरवरच उभा होता.

आता तुमच्याकडे येते. आपल्या कॉलेजात प्रॅक्टिकलची रीत काय होती, ते तुम्हाला मी सांगायला नको. उत्तर आधीच ठाऊक असायचं. जुन्या पोरांच्या जर्नलमधून उत्तर घ्यायचं, उलटं गणित करायचं आणि त्याला शोभतील अशी रीडिंगं भरायची. लंबकाच्या प्रयोगात मीही तेच केलं, गुरुत्वत्वरण बरोबर नऊशे ऐंशी आणून दाखवलं. मार्च महिना, पंखा बंद, सगळा वर्ग बघतो आहे, आणि तुम्ही माझं जर्नल हातात धरून उभे आहात. ‘काहून वं,’ तुम्ही म्हणालात, ‘नऊशे ऐंशी तं पुस्तकातच छापून आहे. तुया लंबकानं काय सांगितलं, ते लिह ना.’ मी तीन दिवस रडले. पण त्यानंतर खोटं रीडिंग म्हणून लिहिलं नाही.

आणि मग शेवटच्या वर्षाची परीक्षा. माझं स्टॉपवॉच अडकलं, दुसरं मिळेना, बाहेरचे परीक्षक घड्याळ बघत होते. तुम्ही माझ्या टेबलाजवळून गेलात आणि कच्च्या कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं सहा आकडे लिहिलेत. मी ते उतरवले. पहिला वर्ग मिळाला. पेढे घेऊन तुमच्या घरी आले, तेव्हा तुम्ही पेढा हातात धरून खाली बघत म्हणालात, ‘पोरीचं वर्ष वाया जाऊ द्याले जीव होत नाही.’ बस, एवढंच. पुढे कधी विषय नाही.

मला याचाच संताप येतो. आधी ते जर्नल आणि मग ही पेन्सिल. यातलं खरं कोणतं, ते सांगून तरी जायचं. पाच दिवस मी त्या मुलीचा विचार करत होते आणि मला जर्नलही आठवत होतं, पेन्सिलही. गप्प राहिले तर तिला पदवी मिळेल, नोकरी मिळेल. कोणाला कळायचंही नाही, निदान वर्षभर. बोलले तर प्रबंध परत घ्यावा लागेल आणि नोकरी हातची जाईल. रीत म्हणून तुमच्याकडून मी दोन्ही शिकले, आणि दोन्ही एकाच वेळी करता येत नाहीत.

काल शेवटी तिला फोन केला. सांध्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, ‘मले माहीत आहे मॅडम. मी तवाच नीट जोडून पाह्यलं होतं.’

मी चिडूनच विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

‘सांगितलं ना, दोनदा. तुमीच म्हणलं, तेवढं चालते, सगळे असंच करतात.’

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मी जास्त खचले. मला आठवलं. दुसऱ्यांदा तर ती छापील आलेख घेऊन आली होती आणि मी पेपर तपासत होते, मान वर केली नाही. फोनवर ती पुढे एवढंच म्हणाली की परीक्षा थांबवा, खोट्यावर नोकरी नको. नोकरी तिची जाते आहे, आणि ठरवायला तिला एक मिनिट पुरलं.

तुमच्यावर चिडून झालं, सर. आता खरं सांगते. विद्यापीठाला द्यायचं पत्र सकाळीच लिहून झालं आहे. प्रबंधात गणनेची चूक आढळली आहे, तोंडी परीक्षा पुढे ढकलावी, असं त्यात आहे. प्रबंधावर नाव तिचं आहे. चूक माझ्या प्रोग्रामची होती आणि तिनं ती मला दोनदा दाखवली होती, हे वाक्य त्या पत्रात नाही. तुम्हाला हे सगळं लिहीत बसले, कारण ते वाक्य अजून मला लिहवत नाही.