दारामागची जागा

आई, पन्नाशी उलटल्यावर मी पुन्हा शिकवणीला जाते आहे. तू असतीस तर हसली असतीस. घरं काढण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, असं तू आपल्या अख्ख्या मांबलम पेठेला सांगत फिरायचीस. आता ऑफिसात नुसत्या रेघा चालत नाहीत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये घर काढायचं नसतं, कॉम्प्युटरवर बांधायचं असतं. भिंतीची जाडी सांगा, खिडकीची उंची सांगा, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही सांगा. दोन वस्तू एकाच जागी आल्या की दोन्ही लाल होतात. महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही तर माझं डिझाइनचं काम काढून मला साइटवर देखरेखीला पाठवणार आहेत. वर्गात सगळी माझ्या मुलीच्या वयाची. शिकवणारी पोरगी तमिळमध्ये "परवायिल्ल मॅडम" म्हणत, म्हणजे असू दे असू दे म्हणत, माझ्या हातातला माउस घेते तेव्हा मला मान वर करवत नाही.

पाठ असलेलं एखादं घर बांधून दाखवा, असं तिने सांगितलं. मी आपलं मांबलमचं जुनं भाड्याचं घर निवडलं. हॉल भराभर झाला, माझ्या ड्रॉइंगच्या टेबलासकट. मग स्वयंपाकघर. भिंतीलगत पाण्याची प्लास्टिकची कुडं, म्हणजे घागरी, टँकरची लॉरी आली की भरून ठेवलेल्या, समोर ओटा, आणि मोकळी फरशी उरली ती फक्त दारामागे. सगळ्यांचं झालं की तू तिथे ताट घेऊन बसायचीस. मी पाणी प्यायला म्हणून दार ढकलते, ते तुझ्या गुडघ्याला लागतं. "हळू गं," म्हणत तू ताट उचलून सरकतेस, आणि मी बाहेर पडताना पुन्हा सरकतेस. सॉफ्टवेअरमध्ये बसलेल्या बाईची एक आकृती मिळते, ती मी तिथे ठेवली. दार लाल झालं आणि तूही.

दार उलट बाजूला उघडायला एकच बटण लागतं. मी ते दाबलं. तू मोकळी झालीस, पण दार हॉलमध्ये माझ्या टेबलावर आपटलं आणि टेबल लाल झालं. तेव्हा कुठे मला आठवलं. दार आधी बाहेरच उघडायचं. मला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, टेबल दुसरीकडे कुठेच मावेना, म्हणून तू सुतार बोलावून बिजागऱ्या बदलून घेतल्यास. "तिला धक्का लागला तर रेघ बिघडेल," असं बाबांना म्हणालीस. स्वतः कुठे बसणार ते बोलली नाहीस, आणि मीही विचारलं नाही. इतकी वर्षं लोकांची स्वयंपाकघरं आखली, ओट्यापासून फ्रिज किती पावलांवर हवा यावर वाद घातले, आणि हे दार मात्र पहिल्यापासून तसंच होतं असं समजून चालले. आई, मला लाज वाटते. हातातला माउस घेतला जातो तेव्हा वाटते त्याहून फार निराळी.

तेवढ्यात शिकवणारी मागे येऊन उभी राहिली. "मॅडम, इदु यारु?" स्क्रीनवर बोट ठेवून तिने विचारलं, ही कोण. अम्मा, एवढा एकच शब्द म्हणायचा होता, तिला लगेच कळला असता. मी म्हणाले, चुकून पडली. "मग एक काहीतरी काढून टाका ना मॅडम. ही बाई किंवा ते टेबल. लाल काही राहता कामा नये."

मी दार पुन्हा आत वळवलं आणि तुला काढलं. टेबल राहू दिलं.

फाइल काल जमा केली. कुठेही लाल नव्हतं. आज ऑफिसात साहेबांनी बोलावून सांगितलं की डिझाइन माझ्याकडेच राहील. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवायचं धाडस झालं नसतं. कारण तुला पुसल्यावर स्क्रीन स्वच्छ झाली, ती पोरगी पहिल्यांदाच मला "सूपर मॅडम" म्हणाली, आणि आई, मला बरं वाटलं.