लांबलेलं उष्टावण

महाड, ता. ८ जानेवारी १९५९

रा. रा. रघुवीरराव यांसी,

यज्ञेश्वरचा (नेहमीपेक्षा बराच खाली वाकून) नमस्कार. पोलादपुरात थंडी फार पडलीय म्हणे; तुमचा दमा कसा आहे? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायला हात धजत नाही.

तुमच्या भाच्याच्या बारशाला तुम्ही म्हणालात, "डोकं बापावर गेलंय, आत काही आहे का ते पुढे कळेल." सगळे हसले आणि माझं पित्त खवळलं. या माणसाने पुन्हा माझा उंबरा चढायचा नाही, असं मी तुमच्या बहिणीला, सुनीतीला, बजावलं. आता आमच्याकडे उष्टावणाचा पहिला घास भरवतो मामा! मामाला बोलवायचं नाही आणि मामावाचून करायचंही नाही, या माझ्या हट्टापायी बाळ दहा महिन्यांचा झाला तरी नुसत्या दुधावर. आणि मी? शाळा सुटली की गावोगाव व्याख्यानं देत हिंडतोय, 'बालकाचा आहार आणि बुद्धी'! (पहिल्या वर्षात मेंदू झपाट्याने वाढतो, सहा महिने झाले की पेज, वरणभात भरवा वगैरे.) टाळ्याही पडायच्या हो.

मागच्या महिन्यात तुडीलच्या राहीबाई व्याख्यान ऐकून हौसेने म्हणाल्या, "मास्तर, तुमचं पोर आणा की, आमाला बघू दे!" मी फुशारकीने मायलेकरांना बैलगाडीत घालून नेलं. राहीबाईंचं पोर त्याच वयाचं, खुळखुळ्यावर झडप घालणारं. आमचे चिरंजीव पांढरेफटक, आईच्या खांद्यावर मान टाकलेले. कानाशी खुळखुळा वाजवला तरी ढिम्म. "काय खायला देता ह्याला?" राहीबाईंनी विचारलं. सुनीती म्हणाली, "काही नाही. याचा मामा अजून आलेला नाही." कोणी हसलंसुद्धा नाही, रघुवीरराव! हसले असते तर बरं झालं असतं. परतताना डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, रक्त कमी पडलंय म्हणून ही मरगळ; आजपासून अन्न द्या, पोर सावरेल. तरी तुम्हाला लिहायला मी इतके दिवस लावले. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

घरच्या थोरांना नमस्कार सांगा, उष्टावण लांबल्याचं कारण मात्र सांगू नका.

आपला,
यज्ञेश्वर

ता. क. येत्या रविवारी उष्टावणाला या. चांदीची वाटी नको, रिकाम्या हाताने या, पण या.

आणखी ता. क. आज सकाळी बाळाने माझा चष्मा ओढून काढला आणि खदखदून हसला. हनुवटीला नाचणीची पेज वाळलेली होती. म्हणजे सुनीती माझ्या नकळत त्याला भरवतेय. मी काही पाहिलं नाही असं दाखवलं. पोटच्या पोराला घास भरवायला आईला नवऱ्याची चोरी, ही माझी विद्वत्ता! तेव्हा या, आणि बारशातलं ते वाक्य सगळ्यांसमोर पुन्हा म्हणा. फक्त या खेपेला पोराचं डोकं वगळा, बापाचंच घ्या.