वय न टाकलेला रिपोर्ट

प्रिय ठमे,

पत्र बघून हसशील. फोनवर तासभर डोकं खाणारी ताई कागदावर कशी आली, म्हणशील. पण फोनवर तू लगेच जाऊ दे म्हणतेस आणि मीही सोयीस्कर जाऊ देते. या वेळी तसं करायचं नाहीये.

लॅबमधली माझी वही तुला ठाऊक आहे. साध्या रक्ततपासणीवरून फ्लू कुठला आणि नुसती सर्दी कुठली, हे ओळखायचा माझा नाद. दोन्हींत ताप, खोकला, शिंका सारख्याच. पण फ्लूत सुरुवातीला लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा उतरतात. आकडा बघून मी पैज लावायची, मग नाकातल्या स्वॅबचा रिपोर्ट यायचा. दहात आठ वेळा माझंच खरं. डॉक्टर गमतीने मला ज्योतिषीणबाई म्हणायचे आणि मी शेफारायची.

म्हणून तू तुझ्या लेकाला, बारक्याला, तापात घेऊन आलीस, तेव्हा डॉक्टरांनी लिहिलेला स्वॅब मीच नको म्हटला. उगाच पोराला रडवायचं कशाला, रक्त पुरे. लिम्फोसाइट तीस टक्के, अगदी व्यवस्थित. साधी सर्दी आहे, खुशाल बाबांना भेटव, असं मी तुला सांगितलं. बाबांची फुप्फुसं किती नाजूक झाली होती, हे माहीत असून सांगितलं. बारक्या दुपारभर त्यांच्या पांघरुणात शिरून गोष्टी ऐकत बसला. पाचव्या दिवशी बाबांना दवाखान्यात हलवलं, ते परत आलेच नाहीत.

त्यांचा स्वॅब फ्लूचा आला, तेव्हा मी बारक्याचा कागद पुन्हा काढला. वयाची जागा रिकामी होती. घरचाच नमुना म्हणून घाईत वय टाकायचंच राहिलं, आणि मशीनने मोठ्या माणसांची मापं छापली. मोठ्यांना तीस टक्के ठीक. चार वर्षांच्या पोराला ते कमीच. माझी अख्खी वहीसुद्धा मोठ्या माणसांचीच होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! तो कागद मी घडी करून पर्समध्ये दडवला.

बाबांच्या दिवसांना सगळे जमले तेव्हा आत्या तुला सर्वांदेखत बोलली, तापाचं पोर आणलंस कशाला म्हणून. आई तुझ्याकडे पाठ करून बसली. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस, पण ताईनेच सांगितलं होतं, एवढे तीन शब्द काही बोलली नाहीस. आणि मी, थोरली, मूग गिळून बसले. वर्ष झालं, आई तुझा फोन घेत नाही. तुझी खुशाली तिला मी सांगते, जणू दोघींवर उपकारच करते. लाज वाटते गं मला माझी.

इथपर्यंतचं आज दुपारी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तो कागदही तिच्या हातात दिला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तुझ्याकडेही माफी मागायला हे लिहिलं नाही. जे माझं होतं ते तुझ्या डोक्यावरून उतरवायला लिहिलं. पाकीट फेकू नकोस, त्यावरचं अक्षर नीट बघ. पत्ता आईने लिहिलाय.

तुझीच, उशिरा तोंड उघडलेली,
ताई