घाण सुटते आहे

४ जानेवारी
इरावती पहिल्या बाळंतपणाला माहेरी, बिद्रीला आली. महिनाअखेरची तारीख. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय : बीपी वाढतंय, कळा सुरू झाल्या की वेळ दवडायचा नाही, थेट हॉस्पिटल. शेजारचा इमाम म्हणाला, मास्तर, माझी व्हॅन हाय की. त्याला सांगितलं, पोरगी माझी, गाडी माझी, आणि विज्ञान शिकवण्यात हयात माझी गेली.
संकल्प : इंजिन आतून स्वच्छ करणे.

६ जानेवारी
पेट्रोलचा सखोल अभ्यास. तीन व्हिडिओ. सुमार पेट्रोलमुळे इंजेक्टरवर काजळी धरते. डिटर्जंट अ‍ॅडिटिव्ह ती धुऊन काढतं. इमामला समजावलं. तो म्हणाला, मला त्यातलं काय कळत न्हाय, मी भरतो नि चालवतो. कीव आली.

११ जानेवारी
निपाणीला जाऊन टाकी भरली. सीमेपलीकडे पेट्रोल स्वस्त पडतं, पण मी क्वालिटीसाठी गेलो. घरी थोडं कॅनमध्ये काढून त्यात अ‍ॅडिटिव्ह घोटलं आणि पुन्हा टाकीत ओतलं. एक बाटली पुरते असं लिहिलंय. मी दोन ओतल्या. कॅन काकवीचा होता, पण पाण्यानं विसळून घेतला होता. बायको, कालिंदी, म्हणाली, उन्हात वाळू द्या की. म्हटलं, चार थेंबांनी काय होतंय! बायकांना घाई कळत नाही.

१४ जानेवारी
सकाळी इंजिन थरथरलं. शुभ लक्षण. घाण सुटते आहे.

१८ जानेवारी
इरावतीला तपासणीला नेलं. चढावर गाडीनं दम खाल्ला. बोनेटखाली टकटक. इरावती पोटावर हात ठेवून मागं बसलेली. तिला म्हटलं, घाण सुटते आहे. तिनं दाराचं हँडल घट्ट धरलं.
टाकीचं झाकण उघडल्यावर आंबूस-गोड वास आला. साखर कारखान्याचा हंगाम आहे, वाऱ्यावर येतो. आज वारा उलटा होता. तरी येतो.

२१ जानेवारी
डॅशबोर्डवर पिवळा दिवा. विझत नाही. सेन्सरला स्वच्छ इंजिनाची सवय नसावी. कालिंदीनं बोलणं टाकलंय. इरावतीचे पाय सुजलेत. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, गाडी तयार आहे ना? एकदम तयार, म्हणालो. फोन ठेवला तेव्हा हात गार पडले होते. यंदा थंडी फार.

२३ जानेवारी
गाडी सुरू व्हायला वेळ लावते. इरावती म्हणाली, बाबा, एकदा मेकॅनिकला दाखवा ना. म्हटलं, मेकॅनिकांना यातलं काय कळतं?
कुंपणापाशी कालिंदी आणि इमाम काहीतरी बोलत होते. मला बघून दोघं गप्प. विचारलं तर म्हणाली, भाजीचं बोलत होतो. इमाम भाजी विकत नाही.

२६ जानेवारी
शाळेतल्या झेंडावंदनाहून आलो तर कळा सुरू. इरावती आणि कालिंदी मागं बसल्या, निघालो. इस्पुर्लीजवळ गाडीनं आचके दिले आणि बंद पडली. समोरून कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, एकामागून एक. किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. इरावती बाबा म्हणून ओरडली. मला भीती वाटली. थंडी नव्हती. भीतीच होती.
आरशात इमामची व्हॅन दिसली. म्हटलं, काय योगायोग! योगायोग नव्हता. तो घरापासून मागोमाग होता. कालिंदीनंच सांगितलं होतं. तिनं आणि इमामनं इरावतीला उचलून व्हॅनमध्ये घेतलं. मीही चढायला गेलो, तर कालिंदी म्हणाली, तुम्ही गाडीजवळ थांबा.
अंधार पडेपर्यंत थांबलो. मग कालिंदीचा फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर... कालिंदीनं पुढचं सांगितलं नाही.

२८ जानेवारी
टाकी उपसली. तळाशी पाणी, त्यात तपकिरी, चिकट गाळ. वास ओळखीचा. अ‍ॅडिटिव्ह भेसळीचं निघालं असणार. तक्रार करणे.
नको.

६ फेब्रुवारी
बारसं. पहिला फेटा इमामला. गूळ-काकवीचं जेवण म्हणून मला गुऱ्हाळावर पाठवलं, इमामच्या व्हॅनमधून. कालिंदीनं नवा कॅन हातात दिला आणि म्हणाली, धुऊ नगासा.
दुपारी इरावतीनं बाळ माझ्याकडे दिलं. आधी मला खाली बसवलं. बाळ मांडीवर ठेवलं, पण तिनं आपला हात खालून काढला नाही.