सफेदीखालची रेषा

११ सप्टेंबर
घग्गर नदीकाठच्या दोन वस्त्यांत पुराची पाहणी. मदत कुणाला मंजूर ते आमच्या पथकाने ठरवायचं. वरची वस्ती दुपारच्या आत पात्र. घराघरांत भिंतीवर पाण्याची तपकिरी रेषा, तिचा फोटो काढला की झालं. खालच्या वस्तीत पाणी जास्त होतं, हे वरच्या वस्तीतलेच सांगत होते. पण तिथे भिंती पांढऱ्याशुभ्र. बलजीत कौर, सगळ्यांच्या बीजी, कौतुकाने म्हणाल्या, "आप लोग आ रहे थे, सफेदी करवा ली. मेहमानों को गंदा घर दिखाते?" पथकातले गिलसाहेब हळूच मला, "लकीर नहीं तो केस नहीं जी." चहा मात्र प्यायले. मीही प्यायले.

१२ सप्टें.
गि.नी शेरा मारला: अपात्र. माझी सही बाकी. "नियम सबके लिए एक है, मॅडम." खरंय. फक्त भिंत घाण ठेवणाऱ्याला जरा धार्जिणा आहे.
चिनूला जेवताना सांगितलं. "तो साइन मत करो ना, मम्मा." पोरीचं सगळं सोपं.

१४ सप्टें., रविवार
झिरकपूरच्या ट्रॅफिकमधून खालच्या वस्तीत एकटीच गेले. भर दुपार, कडक ऊन. रेषा वर आली होती. सफेदीतून, प्रत्येक घरात, माझ्या गळ्याच्या उंचीवर. वाटलं, ओल झिरपली असेल. मग बीजींकडचं कॅलेंडर पाहिलं. पुरानंतर आणलेलं. रेषा त्याच्यावरूनही सरळ गेलेली. नव्या कपाटावरूनही. बोट लावलं तर गाळ.
बीजींना विचारलं, हे काय?
"कुछ नहीं है, बेटा. चाय पियोगी?" नजर माझ्याकडे नव्हती.
फोटो काढले. मोबाइलमध्ये भिंत पांढरी. पुन्हा काढले. पांढरी.
आणि तिथले लोक हनुवटी वर करून चालतात. बायका, पोरं, सगळे. तोंड पाण्याबाहेर ठेवावं तसं. कुणाला विचारायचा धीर झाला नाही.

१५ सप्टें.
गि.ला सांगितलं. "आप सांगली से हैं ना? बाढ़ दिमाग में बैठ जाती है जी." असेल. आमच्याकडच्या पुरात मी पण... जाऊ दे. पण बोटाचा गाळ? तो काल घरी आल्या आल्या साबणाने धुतला, सवयीने. शहाणीच मी.

१६ सप्टें.
'अपात्र' खोडलं. 'रेषा प्रत्यक्ष पाहिली' असं लिहून सही ठोकली. भीती वाटते. नोकरीची, त्या रेषेची पण. मोठे साहेब चिडले नाहीत, तेच वाईट. "कल खुद चलता हूँ. मुझे दिखा दीजिए, पास कर दूँगा." त्यांना दिसली नाही तर वस्ती कायमची गेली.

१७ सप्टें., सकाळी
बीजींना फोन केला. बड़े साहब आ रहे हैं, दीवारों को हाथ मत लगाइए.
"पर बेटा, सुना था कोई आ रहा है. सफेदी तो घोल ली. इस बार मोटी करेंगे, कि साहब को वो लकीर न दिखे."
म्हणजे त्यांना दिसत होती. पहिल्यापासून.
नको, नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवला. आता कुणीच उचलत नाही. गाडी खाली आलीय, साहेब आत बसलेत.