दिवे लावले की चढणारा काटा

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस मनातल्या मनात बोलत होते, पण आजचं लिहूनच सांगायला हवं. दुपारी तेलीबागला रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये आपली जुनी गाडी नेली होती.

टेंपरेचरचा काटा पुन्हा चाळे करत होता. कधी जागच्या जागी, कधी एकदम लालवर. रशीदभाईंनी पाणी, पंखा, थर्मोस्टॅट सगळं तपासलं. सगळं चांगलं. मग म्हणाले, "भाभीजी, ज़रा बत्ती जलाइए।" मी हेडलाइट लावले. काटा सर्रकन वर! "अब बुझाइए।" काटा खाली.

"इंजन बेचारा तो ठीक है. मीटर के पीछे तार ढीला है, बत्ती जली नहीं कि झूठ बोलने लगता है!" ते हसले. मी पुन्हा एकदा दिवे लावून बघितले.

त्या सकाळी केवढं धुकं होतं! दिवे लावूनच हॉस्पिटलकडे निघालो होतो. तुम्ही शेजारी, छाती धरून बसलेले. रायबरेली रोडवर काटा लालवर गेला.

"थांबव गं, इंजिन बसेल."

"बसू दे!"

"मग काय पाठीवर नेणारेस मला? दहा मिनिटं थांब. बरं वाटतंय मला."

खरंच बरं वाटत होतं का हो? जन्मभर रेल्वेची इंजिनं सांभाळलेला माणूस, म्हणून मी ऐकलं. दहाची वीस मिनिटं झाली. किल्ली फिरवावी तर काटा लालवरच. दिवे चालूच होते ना! शेवटी तुमचा चेहरा बघून तशीच निघाले. एकदा तरी रेडिएटरजवळ हात नेऊन बघायला काय झालं होतं मला?

डॉक्टरांना नंतर विचारलं, आधी पोचलो असतो तर? "कहना मुश्किल है," एवढंच म्हणाले.

आणि आपली गौरी! पोचायला उशीर झाला एवढंच ऐकून कानपूरच्या हॉस्टेलवरून धावत आली, ती तुमच्यावर रागावूनच. "पापा रात भर चुप रहे, आई. जल्दी बताते तो?" अजून तुमच्या फोटोला हार घालत नाही. तुम्ही तर दुखायला लागल्याबरोबर मला उठवलं होतंत. रस्त्यात थांबलो, हे मी तिला सांगितलंच नाही. तिचा राग तुमच्यावर राहू दिला, कारण तो माझ्याकडे वळला असता तर मला सोसला नसता. तुम्ही गेल्यावर मी तुमच्याशी असं वागले.

शनिवारी ती घरी येतेय. आल्यावर आधी जेवायला वाढीन आणि मग धुक्यातली ती वीस मिनिटं सांगेन. "थांबव" असं तुम्ही म्हणालात, एवढं मात्र तिला कधीच कळणार नाही. गाडी मी चालवत होते. थांबले मी.

तुमचीच,
सुनंदा