पडवीतल्या कवितांची तजवीज

मी, दमयंती काशिराम घरत, वय एकाहत्तर, राहणार रोडपाली, तालुका पनवेल. डोकं ठिकाणावर आहे, साखर तेवढी वाढलेली आहे. मला कोणी हात धरून लिहायला बसवलेलं नाही, उलट मुलगा भावेश "आई, आत्ताच कशाला?" म्हणून आडवाच येतो आहे. तरीही माझ्यामागे काय कोणाचं, ते येथे नमूद करते.

१. राहतं घर व त्याखालची जागा भावेशची. इमारत बांधायची त्याची हौस मला ठाऊक आहे, खुशाल बांधावी. मात्र तळमजल्यावर आताच्या पडवीएवढी एक खोली मुलांच्या कवितांसाठी ठेवावी.

२. याचं कारण लिहिते. मी धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन विधी लावणारी बाई. गळा बसला, लग्नं सुटली, तेव्हा आळीतली पोरं रविवारी पडवीत येऊन बसू लागली. "आजी, गानी शिकव." मी म्हटलं, "माजी कशाला? तुमची तुमी करा." आधी सगळ्यांनी परी आणि चांदोबा लिहिला. परी कोणी बघितली, विचारल्यावर एकमेकांकडे बोटं. मग एकाने मांजरीवर केली, एकीने पिऊन येणाऱ्या मामावर. मामा अजून माझ्याशी बोलत नाही.

३. भावेशच्या मुलीने, पूर्वीने, लिहिलं होतं:

विमानाचं पोट खारट आसंल,
आमच्या मिठागरावर बसतंय ना.

मला रडू आलं. आमचं मिठागर विमानतळात गेलं, पण घरात कोणी त्यावर इतकं सरळ बोललं नव्हतं. भावेशला कौतुक वाटलं. त्याने पालखीच्या फ्लेक्सवर कविता छापली, पण सुधारून: 'विमान आमचे किती छान, वाढवी गावाची शान.' वर त्याचा फोटो, खाली कवयित्री म्हणून पूर्वीचं नाव. गावाने टाळ्या वाजवल्या. पोर मला म्हणाली, "आजी, ती माजी नाय. टाल्या पप्पांच्या हायेत." तेव्हापासून तिने एक ओळ लिहिलेली नाही. भावेश, तू मायेनेच केलंस, हे मी जाणते. राग मात्र गेलेला नाही.

४. म्हणून खोलीची अट अशी: मुलांच्या ओळीला मोठ्यांनी हात लावायचा नाही. स्पर्धा नको, बक्षीस नको. अट मोडल्यास खोली माझी मुलगी कोमल, राहणार चिरनेर, हिच्या मालकीची होईल. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. भावाला न भिणारी घरात ती एकटीच.

५. सोन्याच्या बांगड्या कोमलला. बँकेतली शिल्लक दिवसकार्याला, उरेल ती वह्या-पेन्सिलींना. शेजारची कमळाबाई सांगत फिरते, की गाणी देवाने दिलेली असतात, पोरांनी करायची नसतात. तिने कार्याला जेवायला जरूर यावं. उपदेश करू नये.

६. मी गेल्यावर भावेश नाक्यावर माझा फ्लेक्स लावणारच. लावावा. पण फोटोखाली छापखान्यातला तयार मजकूर नको. ती जागा माझ्या नातीची, पूर्वीची. तिला वाटेल ते तिने लिहावं, माझ्याबद्दल तक्रार असली तरी चालेल. नाहीच लिहावंसं वाटलं, तर जागा कोरी सोडावी. लोक विचारतील, विचारू देत. भावेशने ती भरू नये.

वरील मजकूर मी वाचला, मनासारखा आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) दमयंती काशिराम घरत

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. डॉ. जीवन दयाराम मढवी, कळंबोली
२. मालू आनंदा भोईर, आपटा

स्थळ: पनवेल
दिनांक: १२ जानेवारी २०२६